पनवेलच्या खाडीतली मुंबई

फाळणीनंतरच्या हिवाळ्यात आमचं सेक्शन पनवेल बंदरावर मदतीला नेमलं होतं. मी नाईक. हाताखाली आठ जवान आणि एक वायरलेस सेट. कराचीहून येणारे निर्वासित मुंबईला उतरत. पनवेलला कोणीच येणार नव्हतं. आम्ही सकाळी पी.टी. करायचो आणि मग रिकामी खाडी बघत बसायचो.

एके दिवशी सकाळी साडेसहाला निर्वासितांचं एक गलबत वाट चुकून खाडीत शिरलं आणि ओहोटीत किनाऱ्यापासून शंभर यार्डांवर रुतलं. तळाची फळी फुटली होती. साडेनऊला भरती चढली की आत पाणी भरणार होतं. माणसं बत्तीस, निम्मी लहान मुलं.

मी सेटवर हेडक्वार्टरला रिपोर्ट दिला.

"गलबत कुठे आहे? ओव्हर."

"चिखलात, सर. ओव्हर."

"चिखल कुठे आहे? ओव्हर."

"सगळीकडे, सर. ओव्हर."

बोट मिळणार नाही, जमेल तसं उतरवा, असा हुकूम आला.

मांडीभर चिखलातून आम्ही एकेकाला पाठीवर आणलं. सव्वानऊला गलबतावर एकटे टेकचंद नावाचे शाळामास्तर उरले. अंगात कोट, डोक्यावर टोपी. उतरायला तयार नाहीत. वाटेत त्यांनी मुलांना रोज गोष्ट सांगितली होती, की मुंबईला उतरताच घोड्यांची बग्गी उभी असेल. मुलं त्या बग्गीवरच तगली होती. आता ती हीच मुंबई समजून काठावर उभी राहून बग्गी कुठे म्हणून विचारत होती. मास्तर मला म्हणाले, बुडेन, पण त्यांच्यासमोर खोटा ठरणार नाही.

आमच्यातला शिपाई लक्ष्मण जवळच्याच करंजा गावचा. तो गलबताला पाठ लावून उभा राहिला.

"बसा मास्तर. बग्गी मोडली, घोडा हाय."

मास्तर बसले. विसाव्या पावलाला लक्ष्मण घसरला आणि दोघंही तोंडावर आपटले. काठावर मुलं हसली, मग त्यांच्या आया हसल्या. मास्तर उठले, चष्मा पुसला आणि मुलांना गंभीरपणे म्हणाले, "घोडा नवीन आहे."

पावणेदहाला गलबत भरलं. त्यांची सगळी बोचकी गेली. दुपारी ट्रकने त्यांना कल्याणच्या छावणीत नेलं. मुंबई कोणी पाहिली नाही.

पुढच्या वर्षी लक्ष्मण काश्मीर आघाडीवर कामी आला. रजेवर आलो तेव्हा मास्तरांना घेऊन करंज्याला त्याच्या आईकडे गेलो. त्याने घरी त्या सकाळचं काहीच कळवलं नव्हतं. मास्तरांनी मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. दोघं आपटले तिथे म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मग मास्तरांच्या जवळ सरकून बसली.

"परत सांगा," ती म्हणाली. "तो पडला तिथपासून."