नऊच्या गाडीतलं गणित

लातूर जिल्हा झाला म्हणून औशात पेढे वाटले गेले, आणि थोड्याच दिवसांत त्या नव्या कचेरीने आमच्या शाळेचे गणिताचे सर उचलून नेले. दुष्काळाचं काम वाढलेलं, टँकरच्या खेपांचा मेळ घालायला आकडेमोडीचा माणूस हवा होता. सरकारी शाळेतला मास्तर म्हणजे कुणीही उचलावा आणि कुठेही बसवावा. मी नुकतीच दहावी पास झालेली. अकरावीला गणित नसेल तर विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग कॉलेज विसरायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुख्याध्यापक म्हणाले, जीवशास्त्र घे, मुलींना तेच बरं. मला बेडूक कापायचे नव्हते.

लातूरच्या खाजगी कॉलेजात मात्र गणिताच्या दोन तुकड्या होत्या, वर इलेक्ट्रॉनिक्सही होतं. इथे विषयच नाही आणि तासाभराच्या वाटेवर तो ताटात वाढून ठेवलेला, याचा मला भयंकर संताप यायचा. प्रवेशाच्या दिवशी मी उजाडल्यापासून चपला घालून दारात उभी. पण अप्पा, माझे वडील, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत आणि उंबराही ओलांडत नसत. पूजेला अंघोळ हवी, अंघोळीला टँकर हवा, आणि टँकर आला ऊन डोक्यावर आल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा गणिताच्या दोन्ही तुकड्या भरल्या होत्या. जीवशास्त्राच्या जागा आहेत, कारकून म्हणाला. परतताना मी अप्पांना सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

संध्याकाळी अप्पा सरांच्या घरी गेले. सर रोज नऊच्या गाडीने लातूरला जायचे आणि कचेरीतून केव्हा सुटतील याचा नेम नसायचा. गाडीतच शिकवतो, ते म्हणाले. शाळेनेही मला गणित घेऊ दिलं, पण शिकवायची जबाबदारी आमची नाही असं बजावून.

अशी माझी अकरावी-बारावी एसटीत झाली. धक्क्यांनी वहीचा कागद फाटायचा, म्हणून मांडीवर दगडी पाटी. शेजारी सर, मागच्या सीटवर अप्पा, कारण वयात आलेल्या मुलीला एकटी पाठवायची आमच्यात रीत नव्हती. लातूरला सर उतरले की आम्ही परतीची गाडी धरायचो. एक गणित सुटलं की मी दुसरं मागायची, लातूरचा नाका दिसायला लागला की जीव खालीवर व्हायचा. त्याच पाटीच्या जोरावर पुढे विष्णुपुरीला माझा नंबर लागला.

टँकर नऊच्या आत कधीच आला नाही, ही गोष्ट मात्र त्या दिवसांत माझ्या डोक्यात शिरली नव्हती. भर उन्हाळ्यात एकदा गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहिली. कंडक्टरने अप्पांपुढे आपली वॉटरबॅग धरली. अप्पांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

“न्हाई, पूजा व्हायची हाय अजून,” ते म्हणाले. “पोरीचं गणित होऊ द्या, मंग घरी जाऊन पितो.”

उंबरा ते रोज पूजेविना ओलांडत होते, पाणी मात्र घेत नव्हते. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही. सरांनी पाटी पुसून नवं गणित घातलं. ते लवकर सोडवायच्या नादात माझं पुन्हापुन्हा चुकत गेलं.