पट्टीवरचा डॉक्टर

कारल्याच्या रसाचा उग्र वास आला की मला देवास गेटजवळचा तो कोंदट स्टुडिओ आठवतो. लोकल केबल चॅनलवर पाहुण्यांच्या नावाची पट्टी टाइप करणं हे तेव्हा माझं काम होतं. एकदा शुगरच्या पेशंटांना आहार सांगणारे एक गृहस्थ आले. डिग्री विचारली तर हसून म्हणाले, "अरे भैया, डॉक्टर लिख दो, सब लिखते हैं." मी लिहून टाकलं. रोज कारल्याचा रस प्या, गोळ्या सोडा, असं ते तासभर सांगत राहिले आणि खाली माझी पट्टी झळकत राहिली. घरी काकूने तो कार्यक्रम पाहिला. काही महिन्यांत तिच्या पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली. दवाखान्यात मी तिच्यावरच चिडलो, "गोळ्या कुणाला विचारून सोडल्यास?" ती म्हणाली, "अरे, टीव्हीवर डॉक्टरच सांगत होते. खाली लिहिलं होतं ना!" आता नियम कडक झालेत, कागद पाहिल्याशिवाय मीही कुणाला डॉक्टर लिहीत नाही. पण राम घाटाच्या पायऱ्या उतरताना काकू माझा हात घट्ट धरते आणि दरवेळी म्हणते, "तुझ्यावर भरोसा आहे म्हणून येते रे." तिला मी अजून सांगितलेलं नाही.