ठेका तेवढा चालू राहिला

साउंडवाले काका त्या पोरीला ‘दोन-दोन’ म्हणत. लॅपटॉप दोन, चार्जर दोन, केबली दोन. पहिला लॅपटॉप तर असा जाडजूड, की एकदा टेम्पोतून खाली पडला तेव्हा फरशीलाच खोक पडली.

“नवरा तेवढा एकच कसा गं?” काकांचा ठरलेला टोमणा.

“त्याचा बॅकअप मिळत नाही काका, म्हणून तर जपून वापरते!”

मावशी गायिका, आणि तिच्या गाण्यांमागचं संगीत ही पोर लॅपटॉपवरून सोडायची. दोन्हीवर एकच गाणं एकाच वेळी चालू, मध्ये एक बटण. एक रुसला की बटण दाबायचं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मावशीचा हा घशाच्या ऑपरेशननंतरचा पहिला कार्यक्रम. मेकअपच्या आरशात बघत ती म्हणाली होती, “आज गळ्यानं दगा दिला ना, तर गाणं बंद. लोकांनी कीव करत टाळ्या वाजवलेल्या मला चालणार नाहीत.”

तालमीत शेवटच्या गाण्याला वरच्या सुरावर तिला ठसका लागला. “पट्टी उतरव गं. ही नाही झेपायची.”

पोरीनं पहिल्या लॅपटॉपवर पट्टी उतरवली. तेवढ्यात काका ओरडले, “टेबल मागं घ्या, दिव्याच्या आड येतंय!” ओढाओढी झाली, दारं उघडली, माणसं आत आली.

सगळी गाणी छान झाली. शेवटचं सुरू झालं, मावशी दुसऱ्या कडव्याला आली, आणि पहिल्या लॅपटॉपचा पडदा गोठला. संगीत गप्प. पोरीचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थबकलं. दुसऱ्यात जुनीच पट्टी होती! ती वाजली असती तर मावशी जन्माच्या सवयीनं तिच्यामागं वर चढली असती आणि गळा फाटला असता.

काका खुणावत होते, दाब, दाब! मग तिला एकदम सुचलं: ठेक्याला कुठं पट्टी असते? तिनं दुसऱ्या लॅपटॉपवर बासरी बंद केली, व्हायोलिनं बंद केली, सुरात बोलणारं एकेक गप्प केलं. उरला नुसता ठेका. तिनं बटण दाबलं.

मावशीनं एकदा मागं वळून पाहिलं. मग डोळे मिटले आणि आपल्याच उतरवलेल्या पट्टीत, हलकेच पुढं निघाली. आवाजाशी झगडायला मागं काही नव्हतंच. वरचा सूर आला. मावशीनं तो सूर झोपलेल्या बाळाला उचलावं तसा उचलला, आणि तसाच खाली ठेवला. सभागृह उठून उभं राहिलं.

पडदा पडल्यावर मावशी थेट टेबलाशी आली. “वाजंत्री कुठं पळाली होती?”

“दुसऱ्यात पट्टी उतरवायची राहिली, मावशी. माझं चुकलं.”

“तरीच म्हटलं, आज इतकं मोकळं कसं वाटतंय!”

“सगळं दोन-दोन आणलं,” काका केबल गुंडाळत म्हणाले, “आणि निभावलं शेवटी अर्ध्यावरच!”

पोरीला हसू फुटलं. हसता हसता ती तिथंच खोक्यावर बसली. मावशी गरम पाण्याचा घोट घेत गुणगुणत होती.

“पुढच्या वेळी जुनी पट्टी करून बघू का गं?”

“अजिबात नाही!” दोघंही एकदम ओरडले.