मामांचा तळहात

सकाळी शटर अर्धं वर गेलं की मामा वाकून आत शिरत आणि दिवा लावण्याआधी, अंधारातच, भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या टायरांवरून उजवा तळहात फिरवत दुकानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात. दिव्याचं बटण त्या टोकाला होतं हे खरं; पण ते दाराशी असतं तरी त्यांनी तेच केलं असतं. मागून सून आत यायची, डब्याची पिशवी खुंटीला अडकवायची आणि विचारायची, "झाली हजेरी?"

"झाली. सगळे शहाण्यासारखे उभे आहेत."

मामा नेमके कुणाचे मामा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. अख्खा रस्ता त्यांना मामा म्हणे. घरची नातवंडंही तेच म्हणत, आणि शाळेत बाईंनी घरातली नाती विचारली की घोटाळा होई. सून तेवढी 'बाबा' म्हणायची. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रावर. त्यामुळे दुकान सासऱ्या-सुनेचंच झालं होतं. रिमवरून टायर उतरवणं, नवा चढवणं, मशीनवर चाक फिरवून त्याचा तोल साधणं, सगळं ती करायची. एकच गोष्ट मामांनी तिच्या हाती दिली नव्हती. टायर अजून चालेल की बदलायला हवा, हा निकाल ते स्वतः द्यायचे, तोही हात फिरवून.

"बाबा, टायरच्या बाजूवर बनवल्याची तारीख छापलेली असते. वाचू का?" ती कधी म्हणे.

"तारीख वाचून वय सांगायला मी काय जनगणनेवाला आहे? डोळ्याला नक्षी दिसते, हाताला म्हातारपण लागतं."

ती पुढच्या चाकाकडे वळायची. चहावाला वाफाळता ग्लास आणून ठेवी, तो मामा पहिल्या क्षणी उचलून तळव्यात धरत. तिला वाटे, जन्मभर रबर हाताळून कातडी निबर झाली असेल.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दवाखाना विकला आणि पिवळीधमक, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार घेतली. गाडी जुनीच, पण जपलेली. मुलगा म्हणाला, आईचं डोकं फिरलं. बाई म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या जबड्यात बघितलं, आता जरा क्षितिजाकडे बघते." एरवी गाडी गॅरेजात पांघरूण घेऊन झोपलेली असायची, सुट्टीच्या दिवशी बाई तिला मोठ्या रस्त्यावर नेत आणि गालांवर लाली घेऊन परतत.

मध्यंतरी त्या टायर दाखवायला आल्या होत्या. मामांनी चारी चाकांवरून हात फिरवला. नक्षी खोल होती, जवळजवळ नव्यासारखी. "बिनघोर जा," ते म्हणाले.

आणि एका दुपारी तीच गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून दुकानापुढे उतरली. मोठ्या रस्त्यावर, चांगल्या वेगात असताना मागचा डावा टायर फुटला होता. गाडी गिरकी घेऊन कठड्याला घासत थांबली. बाईंच्या मनगटाला पट्टी होती, बाकी सगळं शाबूत होतं. पण नेहमीच्या ताठ बाई कुठेतरी मागेच राहिल्या होत्या.

"चूक माझीच," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "या वयात असले खेळ करायचे नसतात. मुलगा बोलून बोलून थकला. एकच फुटलाय ना, एकच बदला. विकायला निघेल एवढी चालली म्हणजे पुरे."

सुनेने फुटलेला टायर उतरवला. वरचा पट्टा सालीसारखा सुटून लोंबत होता. मग तिने दुसऱ्या बाजूचा, न फुटलेला टायर उतरवून उजेडात धरला. नक्षी झकास. पण खाचांच्या तळाशी आणि आतल्या कडेला बारीक भेगांचं जाळं पसरलेलं, कोरड्या पडलेल्या तळ्यासारखं. तिने बोट फिरवलं. खरखर स्पष्ट लागली. कुणाच्याही बोटाला लागली असती.

तिने मान वर केली. मामा चहाचा ग्लास मुठीत धरून तिच्याकडेच बघत होते. ग्लासातून वाफ निघत होती. तिला एकदम सगळं कळलं, आणि तिला कळलं हे त्यांनाही कळलं.

तिने टायर खाली ठेवला. बोलायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. गप्प राहिलं तर गाडी विकली जाईल, टायर भंगारात जाईल आणि मामांचा हात रस्त्यावर पूर्वीसारखाच मोठा राहील.

"बाई, हे टायर मी पाहिले होते," मामा म्हणाले.

"हो ना. तुम्ही बरे म्हणालात म्हणजे बरेच असणार. म्हणून तर म्हणते, माझंच चुकलं."

मामांनी ग्लास खाली ठेवला. टायर बाईंपुढे सरकवला. "इथे बोट लावा. काय लागतं?"

"भेगा आहेत."

"मला काही लागत नाही." त्यांनी स्वतःची बोटं त्याच जागी ठेवली. "बरेच दिवस लागत नाही. सुई टोचली तरी कळत नाही. वाटलं, सवयीने निभावेल. हे रबर उभ्या उभ्याच म्हातारं झालंय, आणि मी त्याला तरुण म्हणून पाठवलं."

बाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मी मेले असते, मामा."

"हो."

रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला. 

"गाडी विकायची तर विका," मामा म्हणाले, "पण वय झालं म्हणून विकू नका. वय तपासणाऱ्याचं झालंय. आता नवे टायर सूनबाई निवडेल. मी मध्ये बोलणार नाही."

बाईंनी डोळे पुसले. "मग ते शर्यतीत घालतात तसले घाला. एकच."

"ते गरम झाल्यावरच रस्ता धरतात," सून म्हणाली. "तुमची गाडी आठवडाभर पांघरुणात. ते जागे होईपर्यंत तुम्ही घरी परत आलेल्या असाल. तुम्हाला ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारणारे, थंड असतानाही रस्ता पकडणारे हवेत. आणि चारही बदलायचे, एकाच जातीचे. मागचे रुंद, पुढचे अरुंद. यांची अदलाबदल चालत नाही."

"पुढचे तरी बरे आहेत ना?"

मध्ये बोलणार नाही म्हणालेले मामा लगेच बोलले, "बाई, एक दात नवा बसवून बाकीचे हलते ठेवलेत कधी कुणाचे?"

बाई हसल्या. त्या दिवशी दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच.

टायर मागवून आले, तेव्हा सुनेने प्रत्येकावरची तारीख मोठ्याने वाचली. एक जोडी गोदामात बराच काळ पडून राहिलेली निघाली. ती तिने परत पाठवली. मामा ऐकत होते. त्यांनी 'शाब्बास' म्हटलं नाही. फक्त टॉर्च तिच्या हाताशी सरकवून ठेवला. त्यानंतर कुणी टायर दाखवायला आलं की ते मानेने सुनेकडे खूण करत, आणि कुणी "मामा, तुम्हीच हात फिरवा की" म्हणालं तर सरळ सांगत, "हात रिटायर झालाय. तोंड चालू आहे, गप्पा मारायच्या तर बसा."

डॉक्टरीणबाईंनी गाडी विकली नाही. मोठ्या रस्त्यावर जाण्याआधी मात्र त्या दुकानापुढे थांबत आणि सून खाली वाकून टॉर्च मारेपर्यंत इंजिन बंद ठेवत.

सकाळची हजेरी तेवढी सुटली नाही. पुढे काही वर्षं मामा अंधारात तळहात फिरवत जात राहिले. बोटांना काय लागत होतं कोण जाणे. सून मागून टॉर्च घेऊन येई, आणि आता मामाच तिला विचारत, "झाली हजेरी?"

शेवटच्या दिवशी ते दुकानात आले नव्हते. अंगात कसकस होती, एवढंच. संध्याकाळी मुलांना पोहण्याच्या शिकवणीहून आणायला सून निघाली, तेव्हा ते दारातल्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर दोन्ही हात उघडे ठेवून. ती परतली तेव्हा ते तसेच बसलेले होते, पण हात गार पडले होते. जाताना तिने स्कूटर सुरू केली होती, आणि त्यांनी मान जरा तिरकी करून चाकांकडे पाहिलं होतं.

"सूनबाई, मागच्या चाकात हवा कमी दिसतेय. जाता जाता भरून घे."