मोरीपासून चार पावलं

अमेरिकन फुटबॉलबद्दल मला एकच गोष्ट कळते. कोण कुठे उभा राहतो, यावर त्याचा पगार ठरतो. हे ज्ञान मला लॉकडाउनमध्ये ऑस्ट्रेलियात, टूनगॅबीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मिळालं. नवरा आयटीतला, लग्नाआधी दोन वर्षं अमेरिकेत काढलेला. तिकडचा रविवारचा सामना आमच्याकडे सोमवारी सकाळी लागायचा. एका स्क्रीनवर ऑफिसची मीटिंग, दुसऱ्यावर सामना, आणि हा दोन्हीकडे सारख्याच गांभीर्याने मान हलवायचा.

मी ब्लॅकटाउनजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होते. कागदावर किचन हँड, म्हणजे भांडी, भाज्या चिरणं आणि ओटे पुसणं. लॉकडाउन लागलं त्याच आठवड्यात आमचा कुक आयसोलेशनमध्ये गेला आणि तिथूनच त्याने राजीनामा पाठवला. तेव्हापासून सगळ्या आजी-आजोबांचं जेवण मीच करत होते. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी गाजर शिजवायचं, वाटायचं आणि गाजराच्याच साच्यात घालून त्याचं पुन्हा गाजर करायचं. गाजराला त्याची ओळख परत मिळायची. मला पगार किचन हँडचाच.

मॅनेजर बाई स्वभावाने गोड होती. मी विषय काढला की दीड मीटरवरून म्हणायची, "डार्ल, इथे आपण सगळे फॅमिली आहोत. लेबलचं काय एवढं?" लेबलचं काय एवढं, हे ज्यांना चांगलं लेबल मिळालेलं असतं तेच म्हणतात, असं मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. रागाने माझं डोकं दुखत होतं. त्याने सामन्याचा आवाज बंद केला, म्हणजे त्यालाही ते गंभीर वाटलं असावं.

मग त्याने मला एका जुन्या भांडणाची गोष्ट सांगितली. त्या खेळात टाइट एंड नावाचा गडी आपल्या गड्यांच्या ओळीला चिकटून उभा राहतो, समोरच्याला ढकलतो आणि जमलं तर बॉलही पकडतो. वाइड रिसीव्हर ओळीपासून लांब उभा राहतो आणि फक्त बॉल पकडायचं बघतो. संघाला एखादा गडी वर्षभर अडकवून ठेवायचा असला, तर त्या वर्षाचा पगार त्याच्या जागेच्या नावावरून ठरतो, आणि रिसीव्हर या नावाला भाव जास्त. एक टाइट एंड म्हणाला, मी बहुतेक वेळा लांब उभा राहून बॉलच पकडतो, तेव्हा मी रिसीव्हर. प्रकरण लवादाकडे गेलं. लवादाने तो किती छान पकडतो ते पाहिलं नाही, कुठे उभा राहतो ते पाहिलं. ओळीपासून चार पावलांच्या आत उभा असलास तर तू टाइट एंडच, असं त्याला सांगितलं. बिचारा हरला.

मी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी सिंकच्या चार पावलांत पाय ठेवला नाही. हात धुवायलासुद्धा स्टाफच्या बाथरूममध्ये जायचे. कॉरिडॉरमध्ये मॅनेजरच्या बुटांचा आवाज आला की जिथे असेन तिथून शेगडीकडे धाव. मेन्यूच्या पाठकोऱ्या कागदावर मी रोज कुठे किती वेळ उभी होते ते टिपून ठेवलं, आणि महिन्याभराने ते सगळं ईमेलला जोडून मॅनेजरला पाठवून दिलं.

या सगळ्याचं रोजचं वार्तापत्र पुण्याला आईकडे जायचं. माझी शिफ्ट संपायची तेव्हा तिकडे सकाळ असायची. आईचा हात थरथरतो, म्हणून व्हिडिओ कॉलला फोन मावशी धरायच्या. मावशी आमच्याकडे भांडी-फरशीला होत्या. पहिल्या लॉकडाउनमध्ये सोसायटीने बाहेरच्यांना मनाई केली तेव्हा त्या आईकडेच राहायला आल्या, आणि मग राहूनच गेल्या. आईचं इन्सुलिन, आंघोळ, दोन वेळचा स्वयंपाक, सगळं त्याच बघायच्या. त्यांचे पैसे दर महिन्याला मी इथून पाठवायचे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्यासमोर मी कधीतरी 'वरकाम' लिहिलं होतं, ते तसंच होतं.

आईला त्या फुटबॉलवाल्याचं फार वाईट वाटलं. "अगं बाई, नुसत्या उभं राहण्यावरून?" असं तिने दोनदा विचारलं.

दोन आठवड्यांनी मला कुकची ग्रेड मिळाली. आईला सांगताना मला रडूच आलं. आईने तोंडभरून कौतुक केलं आणि मावशींना गोडाचा शिरा करायला सांगितला. मावशींनी फोन स्वतःकडे वळवला. इतक्या महिन्यांत मी त्यांचा चेहरा स्क्रीनवर पहिल्यांदाच नीट पाहत होते.

"चांगलं झालं ताई," त्या म्हणाल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "मीपण हल्ली मोरीपाशी कमीच असते."

मी हसले. म्हटलं, "अहो मावशी, तुम्ही तर घरच्याच आहात."

"हो ना," म्हणाल्या, आणि त्यांनी फोन परत आईकडे वळवला.

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहिले. मॅनेजरचं वाक्य माझ्याच तोंडून मराठीत बाहेर पडलं होतं, आणि तिच्याइतक्याच गोडव्याने. मला माझी लाज वाटली. मी लगेच अ‍ॅप उघडलं, 'वरकाम' खोडलं आणि तिथे मावशींचं नाव लिहिलं.

आकडा बदलायला मात्र मला पाच आठवडे लागले. मॅनेजरला दोनच लागले होते.