मैत्रीचा उजवा हात

“डावखुरी आहे की नाही, हे इतक्या लवकर कळत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि मैत्रीची उजवी मूठ हलकेच उघडू लागले.

गोवराच्या लसीसाठी आम्ही राजूरहून जालन्याला, मस्तगडातल्या दवाखान्यात आल्तो. मी, माझी बायको सुजाता, माझी आई आणि आमची नऊ महिन्यांची लेक मैत्री. तिला ना ताप, ना सर्दी. पण हे डॉक्टर लस देण्याआधी लेकराशी थोडं खेळतात. घरी ते कसं खेळतं, कुणाला बघून हसतं, तेही विचारतात. त्यांनी तिच्यापुढं लाल कडं धरलं. तिनं डाव्या हातानं ओढून घेतलं. मग त्यांनी तो हात धरून ठेवला आणि कडं पुन्हा पुढं केलं. तिनं तोंड पुढं केलं, चिडली, रडली. उजवी मूठ मिटलेलीच राहिली.

पोरगी डावरी आहे, असं आम्ही घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होतो.

डॉक्टरांना हेमिप्लेजियाची शंका होती. म्हणजे शरीराच्या एका बाजूच्या हातापायाची हालचाल कमी असणं. त्यांनी एमआरआय करायला सांगितलं. एमआरआय म्हणजे मेंदूचा आतला फोटो. लेकरू हलू नये म्हणून त्याला झोपेचं औषध देतात. संभाजीनगरला तिला आत नेलं, तेव्हा सुजाता तिचं झबलं छातीशी धरून बाकावर बसून राहिली. मी पाण्याची बाटली भरून आणली. पाणी कुणीच प्यायलं नाही.

रिपोर्ट घेऊन पुन्हा मस्तगडला गेलो. जन्माच्या आसपास कधीतरी मेंदूच्या डाव्या भागाला रक्त कमी पडलं होतं. उजव्या हातापायाला हुकूम तिथूनच जातो.

“ही इजा वाढणारी नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण पुसलीही जाणार नाही. मात्र लेकराचा मेंदू अजून शिकतोय, नव्या वाटा काढतोय. म्हणून आतापासूनच कामाला लागू.”

आईनं मधेच विचारलं, “पोटुशी असताना ही गाडीवर शाळेत शिकवाया जात होती. त्यानं झालं का?”

सुजाता खाली बघायला लागली.

“बिलकुल नाही, मावशी. गाडीनं नाही, खाण्यापिण्यानं नाही. यात कुणाचीच चूक नाही.”

परतीच्या जीपमध्ये बसलो. आई ड्रायव्हरला म्हणाली, “आमच्या सूनबाईला खिडकीपाशी बसू दे रे, दमलीय ती.” आणि मैत्रीला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

त्याच दवाखान्यात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट ताई यायच्या. लस, वजन आणि हातपायांचे व्यायाम एकाच ठिकाणी झाल्यामुळं आमच्या चकरा वाचल्या. मी टेलर. दुकान घरातच, सुजाता दिवसा शाळेत, त्यामुळं खेळवायचं काम माझ्याकडं आलं. ताईंनी सांगितलं, रोज थोडा वेळ चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि दुसऱ्या हाताला खेळ द्यायचा. मी सुती कापडाचा मोजा शिवला.

मैत्रीला तो दिसला की ती किंचाळायची. पुढं पुढं तर मला बघूनच आजीकडं झेपावायची. एकदा सुजातानं मोजा हातातून काढून घेतला.

“अहो, हात येईल तवा येईल. बापालाच भ्यायला लागली तर काय करायचं?”

“मंग सोडून द्यायचं का?”

पुढच्या खेपेला ताईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मोजा काही दिवस बाजूला ठेवा. तिला काय आवडतं?”

“चिंध्या,” मी म्हणालो. दुकानात ती कात्रणांच्या ढिगाकडंच झेपावायची.

मग आम्ही चिंध्यांचेच खेळ मांडले. डाव्या हातात एक कात्रण दिलं की दुसरं उजव्या बाजूनं दाखवायचं. पहिलं तिला सोडवत नसे. एका दुपारी मी मशीनवर होतो. आई ओरडली, “अरं, बघ बघ!” मैत्रीच्या उजव्या बोटांत जरीची पट्टी अडकली होती आणि ती ओढून राह्यली होती. ओढली, सुटली, पुन्हा धरली. मी मशीन थांबवली. आईनं डोळ्याला पदर लावला. संध्याकाळी शाळेतून आलेल्या सुजाताला तेच पुन्हा दाखवायला मैत्रीनं मात्र साफ नकार दिला.

मोजाही नंतर परत आला, पण थोडा वेळ, खेळ रंगात आल्यावर.

ज्यांच्या घरी असं लेकरू असेल त्यांना एवढंच सांगतो. वर्षाच्या आत एकच हात चालत असेल, तर पुढच्या लसीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. मोजा मनानं चढवू नका, आधी जाणकाराला विचारा. आणि खेळ लेकराच्या आवडीचाच घ्या.

मैत्री आता चार वर्षांची आहे. उजव्या बुटात आधाराची पट्टी असते. उजवा हात डाव्यासारखा होणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचं दुःख आता रोज होत नाही. ताटात भाकरी ती उजव्या हातानं दाबून धरते आणि डाव्यानं तोडते.

हल्ली तिला तीनचाकी सायकलचं वेड लागलंय. गल्लीत उतार आला की उजवा हात दांड्यावरून सुटतो. मी धावत जातो. ती सायकल थांबवते, डाव्या हातानं उजवा उचलून दांड्यावर बराबर ठेवते आणि माझ्यावरच ओरडते, “पप्पा, बाजूला सरका ना, जाऊ द्या मला!”

मी सरकतो.