चहा नाकारणारा कारकून
गवती चहाचा वास आला की सोनगीरजवळच्या आमच्या गावातली एक दुपार आठवते. जनगणनेत गाव वाढलेलं निघालं, म्हणून तालुक्याहून एक कारकून ग्रामपंचायतीचे वॉर्ड नव्याने पाडायला आला होता. उन्हातान्हात नकाशा घेऊन फिरत होता, पण आईने चहा पुढे केला तर नको म्हणाला. त्याची पाठ वळताच आबा, म्हणजे माझे वडील, पुटपुटले, "चहा पेत नही, म्हणजे कोठे तरी जेवीसन उना शे." कुठे तरी जेवून आलाय, म्हणजे कुणाचे तरी पैसे खाऊन आलाय, असं त्यांना म्हणायचं होतं. वॉर्ड जाहीर झाले तेव्हा सरपंचाची गल्ली शाबूत होती आणि हद्दीची रेघ नेमकी आमच्या भावकीच्या मधून गेली होती. त्या निवडणुकीत आबा पडले. यंदा पुन्हा वॉर्ड पाडताहेत. परवा आलेला कारकून आमच्याकडे चहा मागून प्यायला, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे: आबांच्या हिशेबाने हा अजून कुठे जेवलेला नाही, मग याला जेवू आम्हीच घालायचं की काय?